भुवासांच्या नावाचा बोकड

१४ जानेवारी २००३, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वळून हात चिकट, आणि तेवढ्यात पुण्याचा फोन. भुवासांना दवाखान्यात नेलंय. हृदयाचं आहे, ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. भुवासा म्हणजे ह्यांच्या आत्या. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज असा की पुण्यात बोलल्या तर जुन्या जालन्यात ऐकू यावं. त्यांना काही होऊ शकतं हे मला कधी सुचलंच नव्हतं.

घरात बसवेना म्हणून दुपारी दुकानात गेले. तिथे वाडीची कौसाबाई आलेली, लेकीच्या परकराला कापड घ्यायला. तिला सांगितलं. ती गादीच्या कडेला टेकली, चहा तसाच ठेवला. "लय हाये का, भाभी?" एवढंच विचारलं. कापड न घेताच गेली.

१७ जानेवारी

हे पुण्याला. मी गल्ल्यावर. गिऱ्हाईक 'मांजरपाट दाखवा' म्हणतं आणि मी टेरिकॉट काढते. एका जागी बसून देवाचं नाव घेणं सासूबाईंना जमतं. मला जमत नाही, मी दुकानातल्या घड्या मोडून पुन्हा घालत बसते.

वाडीचं कसं सुरू झालं ते आठवत होते. अंबडच्या पुढची ती दोन आळ्यांची वस्ती, तिथली माणसं आमच्या दुकानाची जुनी गिऱ्हाइकं. कोरडवाहू माळ. घरापुरती बाजरी पिकली तर पिकली. आणि आमच्या नात्यागोत्यात पुण्या-मुंबईला देणारे हात पुष्कळ, पण देणार कुठे, तर जिथे फरशीवर नाव कोरून मिळतं. मी म्हटलं, मधलं सगळं काढून टाकू. तिकडचं एक घर, वाडीतलं एक घर. ना संस्था, ना समिती, ना हारतुरे. थेट.

तर सगळ्यांना गायच द्यायची होती! वाडीत बायका प्यायचं पाणी डोक्यावरून आणतात, गाईला पाजणार काय? कौसाबाई तोंडावर म्हणाली, शेळी द्या. झालं, आमची सगळी जैन मंडळी गप्प. शेळी म्हटलं की पुढचं सगळं ज्याला त्याला दिसतं. भुवासा तेवढ्या बोलल्या, देते, पण खाटकाला नाही. मी तसं कौसाबाईला विचारलं. ती म्हणाली, न्हाई देणार खाटकाला. अशी पहिली जोडी जुळली.

कौसाबाई पाटी, म्हणजे मादी करडं, घरी ठेवते, बोकड पाळणाऱ्याला विकते. पाळणारा पुढे काय करतो हे तिने विचारलं नाही, मी विचारलं नाही. भुवासांनीही नाही.

२१ जानेवारी

ऑपरेशन पार पडलं. ह्यांचा फोन. शुद्धीवर आल्यावर भुवासांनी आधी विचारलं, "काळ्या कसा आहे?" नर्सला वाटलं नातू असेल. काळ्या म्हणजे कौसाबाईच्या घरचं करडू, भुवासांनी दिलेल्या शेळीचं. अंगभर काळं, कपाळावर पांढरा ठिपका. दिवाळीला मी त्याचा फोटो पाठवला होता, तो उशाखाली ठेवून ऑपरेशनला गेल्या.

हसले आणि मग एकटीच रडले. चांगलं वाटलं रडून.

९ मार्च

भुवासा जिना चढू लागल्या. फोनवर पहिल्यासारख्या ओरडतात. त्यांच्या मंडळातल्या बाया काळ्याचा फोटो बघून तयार झाल्यात म्हणे. आणखी सात घरं. "वाडीतल्या उरलेल्या घरांची नावं पाठव, लवकर पाठव, त्यांचं मन बदलायच्या आत."

सात घरं! तीन वर्षं मी एकेकीच्या हातापाया पडत होते. उद्या-परवाच वाडीला जाते.

११ मार्च, मंगळ.

गेले होते. काय लिहू.

सगळ्या बायका कौसाबाईच्या छपरात जमल्या होत्या. सात घरांचं सांगितलं तर एक म्हातारी उठून माझी अलाबला घेऊन गेली. भुवासा बऱ्या आहेत म्हटल्यावर कौसाबाईने आत जाऊन देवीपुढे दिवा लावला. बाहेर आली ती तोंडभर हसत. म्हणाली, "मला म्हाईत होतं. मी बोलल्ते ना मरीआईला. बाई उठून बसू दे, आखाडात तुला काळं बोकड देते."

मी म्हटलं, कुठलं बोकड.

तिने काळ्याच्या पाठीवर हात ठेवला.

आजूबाजूच्या सगळ्या कौतुकाने बघत होत्या. तिने घरातलं सगळ्यात चांगलं जनावर बोललं होतं. दुसऱ्या कुणासाठी कोण बोलतं एवढं? मी चहाची बशी खाली ठेवली. खाटकाला द्यायचं नाही असं ठरलं होतं ना, हे कसंबसं म्हणाले. तिला माझं बोलणंच कळेना.

"खाटकाला कुठं देऊन राह्यले, भाभी? देवीला देऊन राह्यले."

येताना एस.टी.त डोकं खिडकीला लावून बसले होते. अंबडला गाडी किती वेळ थांबली कळलं नाही.

१४ मार्च

ह्यांना सांगितलं. आधी हसले. मग व्यापारी जागा झाला. "शेळी आपली, तिचं करडूही आपलंच म्हण. सरळ नाही म्हणून सांग." मी म्हटलं, आपली कशी? दिली ना? तर म्हणतात, "मग भुवासांना सांग." तेही होत नाही. आत्ता कुठे टाके वाळलेत.

"थेट थेट म्हणतेस आणि मधोमध उभी तूच," म्हणाले. लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

सात नावं अजून पाठवलेली नाहीत.

२ एप्रिल

पुन्हा वाडी. ऊन मी म्हणतंय. सगळा माळ तांबडा. शेळ्यांना बाभळीच्या शेंगांवर ठेवलंय, पण काळ्याला भिजवलेली ज्वारी. कौसाबाईची लेक चिडून म्हणाली, आमच्यापरीस त्याचे लाड. देवीचा ना तो आता.

मी सुचवलं, कोहळा चालेल का? बोकडाच्या जागी कोहळा कापतात लोक. कौसाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कापडात माप मारलंय. मग समजावत बोलली, लहान पोरीला सांगावं तसं. जीव मागितला तर जीवच द्यावा लागतो. कोहळा बोलले असते तर कोहळा दिला असता. "मोठ्या बाईंचा जीव कोहळ्याएवढा हाये का, भाभी?"

आणि खरं सांगायचं तर कोहळा भुवासांनाही चालला नसता. बोकड समजून कोहळा कापला तरी मनाने बोकडच मारला असं मानणाऱ्या आम्ही. दोघींची देवळं वेगळी, हट्ट एकाच गावचा.

देवाला नुसता सोडून दिला तर, असंही विचारलं. कानात बाळी घालून सोडतात तसा. आमच्याकडे तर ती जुनीच चाल, जीव वाचवायची. ती म्हणाली, सोडते म्हणून बोलले नव्हते.

२० एप्रिल

भुवासांना जालन्याला यायचंय. डॉक्टरांनी परवानगी दिली. "आषाढात येते, चौमासा लागायच्या आत. माझ्या काळ्याला बघू दे एकदा." आषाढच का? फाल्गुन होता, चैत्र आहे, वैशाख येतोय. पण उन्हात डॉक्टर पाठवत नाहीत.

मी म्हटलं, आषाढात पेरणीची गडबड असते, त्या लोकांना सवड नसते. पलीकडे शांतता. भुवासा आणि शांतता! मग म्हणाल्या, "बेटा, काहीतरी लपवतेस तू."

फोन ठेवल्यावर सासूबाईंवर उगाच खेकसले.

११ मे

वाडीतली एक बाई दुकानात येऊन गेली. सात घरांचं काय झालं म्हणून. गोठ्याला कुडाचा आडोसा करून ठेवलाय म्हणे तिने, शेळी यायच्या आधीच. मी म्हटलं, होतंय. दोन महिने झाले, मी 'होतंय' म्हणतेय. भुवासांना कळलं की मंडळातल्या सातजणींना कळणार, आणि मग वाडीत शेळीचं शेपूटसुद्धा जायचं नाही. आणि नाही कळवलं तर? सात बोकड, सात नवस. आज ना उद्या.

मला राग नक्की कुणाचा येतोय तेच कळत नाही. कौसाबाईचा येत नाही. तेच जड जातं.

३ जून

कौसाबाईने भुवासांना फोन केला. स्वतः! अंबडला बाजाराला गेली होती, तिथल्या बूथवरून. नंबर भुवासांनीच दिला होता तिला, दिवाळीच्या पत्रावर. मी तीन वर्षं घसा कोरडा केला, थेट थेट म्हणून. आज ते थेट झालं तर मलाच नको झालंय.

कौसाबाई काय बोलली ते तिनेच येऊन सांगितलं. बाईंना आमंत्रण दिलं म्हणाली, आखाडातल्या दुसऱ्या मंगळवारचं. नवस कुणासाठी बोलला, काय बोलला, सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या? "बाई काहीच न्हाई बोलल्या. मीटर पळून राह्यलं होतं, मी ठिवला."

पुण्याला फोन लावते. उचलत नाहीत.

५ जून

भुवासा बोलल्या शेवटी. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाज. मला काही बोलल्या नाहीत, कधीपासून माहीत होतं तेही विचारलं नाही.

"माझ्या जिवापायी एक जीव जाणार. हे मी कुठल्या जन्मी फेडू, सांग."

मी घाईने म्हटलं, तुम्ही नको म्हणा ना भुवासा, ती तुमचं ऐकेल, शेळी तुम्हीच दिलेली. तर म्हणाल्या, दिली तेव्हाच माझा हात सुटला. आता त्यावर हक्क सांगितला तर ते दान कसलं, उधारी झाली. फोन ठेवताना म्हणाल्या, तिकीट काढ.

म्हणजे काय करणार आहेत? विचारायचं धाडस झालं नाही.

सात नावांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

२७ जून

वाडीला निरोप द्यायला गेले. भुवासा मंगळवारी येणार, त्या दिवशी त्यांचा उपवास असेल, काही करू नको. कौसाबाई म्हणाली, माझाबी उपास असतोय, नैवेद्य होईस्तोवर. मग पाणी? पाणी चालतं, पण उकळलेलंच लागतं आमच्यात, दिवस बुडायच्या आत. तिने नीट विचारून घेतलं. किती उकळायचं, कशात ठेवायचं, झाकायचं कशाने. नवी कळशी आणते म्हणाली. मी म्हटलं, नवी कशाला? "त्यांच्यापुरती असू दे."

काळ्या केवढा झालाय. अंगावर हात फिरवला तर काळं कापड चमकावं तसा. माझ्या साडीचा पदर चघळत होता. मी ओढून घेतला नाही.

७ जुलै

भुवासा आल्या. निम्म्या झाल्यात. स्टेशनवर मी वाकले तर डोक्यावर हात ठेवला. सामानात काय, तर एक चांदीची बाळी. सोनाराकडून करून आणली, बोकडाच्या कानात घालायची. पण म्हणाल्या, मी मागणार नाही. कौसाबाई आपण होऊन म्हणाली तरच.

ह्यांनी समजावलं, तब्येत बघा, तिथे नका जाऊ, बघवणार नाही. भुवासा म्हणाल्या, "मी अडवायला नाही चालले. माझ्या नावाने होतंय तर तोंड फिरवून पुण्यात कशी बसू?"

उद्या.

९ जुलै, बुधवार

काल लिहिण्याचं त्राण नव्हतं. आता दुपार आहे, भुवासा निजल्यात, लिहून काढते.

जीप सकाळी पोचली. आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. पेरलेलं अर्धं उगवलंय. कौसाबाई नव्या लुगड्यात, आमच्याच दुकानातलं. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर. तीन वर्षांची ओळख. मग कौसाबाई पाया पडायला वाकली, भुवासांनी तिला वरच्या वर धरली. कौसाबाईने त्यांच्या छातीकडे बोट केलं. कुठं चिरलं? भुवासांनी पदर सारून टाक्यांची वरची खूण दाखवली. बाजूच्या बाया पुढे होऊन बघू लागल्या. कौसाबाई त्या खुणेकडे बघत राहिली, मग डोळे पुसत आत गेली आणि कळशीतलं पाणी घेऊन आली. भुवासा ते घोटभर प्यायल्या.

चांदीच्या बाळीचं कुणी काही बोललं नाही.

मरीआईचं ठाणं लिंबाखाली, शेंदराचे दगड. ढोलके वाजत होते. काळ्याच्या गळ्यात लिंबाच्या डहाळ्यांची माळ, आणि तो शहाणा तीच माळ खात उभा. कौसाबाईचे थोरले दीर सुरा घेऊन बाजूला. भुवासा समोर छपराखाली बसल्या, डोळे मिटून माळ जपत. मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. मी ठाण्याजवळ गेले. का गेले ठाऊक नाही. लांब राहवलं नाही.

त्यांच्यात रीत अशी की बोकडाच्या पाठीवर पाणी ओततात. त्याने अंग झाडलं, थरथरलं, की देवीने घेतला. नाही झाडलं तर नाही घेतला. मग त्या दिवशी हात लावायचा नाही. नवस कौसाबाईचा म्हणून पाणी तिनेच ओतायचं. ती घरातून तांब्या भरून घेऊन आली. डोक्यावर पदर, ओठ पुटपुटतायत. कानापासून शेपटीपर्यंत धार धरली.

काळ्या डहाळी चघळत राहिला.

ढोलके जोरात. पुन्हा ओतलं. केस पाठीला चिकटले, पाणी पोटावरून गळलं, तो हलला नाही. डोळे अर्धवट मिटून उभा, सुख लागल्यासारखा. दीर म्हणाले, कानात घाल. तिने कानात घातलं. त्याने कान हलवला, अंग नाही. कौसाबाई पुन्हा घरात जाऊन तांब्या भरून आली. मी तिच्या इतकी जवळ होते की ओतताना पाणी माझ्या मनगटावर उडालं.

कोमट होतं.

गार पाण्याने कुठलंही जनावर अंग झाडतं. मी मनगट पदराला पुसलं आणि कौसाबाईकडे पाहिलं. तिचे डोळे देवीवर होते.

दीर शेवटी सुरा फडक्यात गुंडाळत म्हणाले, "आज न्हाई घेतला आईनं. आखाड सरला न्हाई अजून, पुढल्या मंगळवारी पाहू." माणसं कुजबुजत पांगली. काही जणांना वाईट वाटलं, जेवण हुकलं म्हणून असेल. भुवासांनी डोळे उघडले, काळ्या उभा दिसला, आणि त्या हमसून हमसून रडायला लागल्या. कौसाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती रडत नव्हती.

घरात गेले तेव्हा कळशी कोपऱ्यात होती, झाकण बाजूला. मी आत डोकावले नाही. घाईत हाताला लागलं ते पाणी घेतलं असेल. दोन भांडी, रोजच्या पाण्याचं आणि उकळलेल्याचं, शेजारी शेजारी होती. तिच्यासारख्या देवभोळ्या बाईने जाणून असं केलं असेल, तर तिने देवीला फसवलं. आणि ते माझ्या तोंडून निघालं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. नसेल केलं तर देवीनेच नाही घेतला. मला खरं काय ते हवंय असं वाटतं आणि लगेच नको वाटतं.

भुवासांना मनगटाचं सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

११ जुलै

भुवासांचं उद्याचं तिकीट. चौमासा लागला की त्या पुण्याबाहेर पाऊल टाकत नाहीत, कितीतरी वर्षांचा नेम. सकाळी म्हणाल्या, तिकीट परत कर. या साली चौमासा जालन्यात करते. मी म्हटलं, पण मग जालन्याबाहेर जाता यायचं नाही, पुढचा मंगळवार? बराच विचार करून मला विचारलं, "वाडी जालन्यातच येते ना?"

जिल्ह्यात येते, म्हटलं.

"मग झालं तर." स्वतःशीच हसल्या. दवाखान्यानंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग म्हणाल्या, ती सात नावं कुठायत? मी नावं काढून दिली. चष्मा लावून वाचली एकेक, आणि पिशवीत ठेवली, चांदीच्या बाळीपाशी. पाठवणार की नाही ते बोलल्या नाहीत.

१३ जुलै, रविवार

कौसाबाईचा दुकानात फोन, अंबडच्या बूथवरून. काळ्या बरा आहे. दिरांनी मंगळवारचं पक्कं केलंय, ढोलक्यांनाही सांगून ठेवलंय. बाईंना यायला जमेल का, विचारत होती.

येतील म्हटलं. मग धीर करून विचारणार होते, मनगटाचं. शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात तीच बोलली.

"बाईंसाठी पानी उकळून ठिवते म्हणावं. मोठी कळशी भरून."

सांगते, म्हटलं.